जुने फोटो : साधन की अडगळ?

गेल्या उन्हाळ्यात आपल्या शहरातील एका जुन्या मराठी संस्थेच्या सभागृहास रंग देण्याचे निघाले. त्यासाठी भिंतींवरच्या तसबिरी उतरविण्यात आल्या. कित्येक वर्षांनी त्या प्रथमच हाताशी आल्या, आणि मग एक अडचण उभी राहिली. एकंदर त्रेपन्न तसबिरींपैकी एकवीस तसबिरींतील माणसे कोण, हे उपस्थितांपैकी कोणालाही सांगता येईना. पगडी, उपरणे, हातात काठी, मागे रंगविलेला पडदा. पण नाव नाही. पुढे कार्यकारिणीच्या सभेत प्रस्ताव आला, की सर्व फोटोंच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात, ओळख असलेल्यांच्या नव्या, एकसारख्या आकाराच्या प्रती भिंतीवर लावाव्यात आणि मूळ फोटो जागेअभावी निकालात काढावेत.

प्रस्ताव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि संस्थेसाठी त्यांनी पदरचे पैसे खर्चिले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही आम्ही त्या प्रस्तावास विरोध केला. अध्यक्षांनी आम्हांस पाच मिनिटे दिली. पाच मिनिटांत जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडीत आहोत; कारण हा प्रश्न त्या एका संस्थेचा नसून हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या प्रत्येक मराठी घराचा आहे.

प्रस्तावामागील विचार सरळ आहे. फोटो म्हणजे चित्र. चित्राची हुबेहूब प्रत मिळाली की मूळ कागदाचे काम संपले. हा विचार आज सर्वमान्य झाला आहे आणि तो साफ चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी आरंभापासून सुरुवात करू.

आज उपलब्ध असलेल्या छायाचित्रांत कॅमेऱ्याने टिपलेले सर्वांत जुने म्हणून जे मानले जाते, ते फ्रान्समधील निसेफोर न्येप्स या गृहस्थाने १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या माडीवरील खिडकीतून घेतले. अंधाऱ्या पेटीच्या एका बाजूस छिद्र असले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते, ही गोष्ट न्येप्सच्या आधी आठशे वर्षे अरब विद्वान इब्न अल-हैथम याने अभ्यासिली होती आणि चित्रकार अशा पेटीचा उपयोग शतकानुशतके करीत होते. म्हणजे कॅमेरा जुनाच होता. उमटलेले चित्र टिकवावयाचे कसे, एवढेच कोडे उरले होते. न्येप्सने कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीचा एक पदार्थ फासला. ऊन लागले तेथे तो घट्ट झाला. न लागलेला भाग लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघाला. यासाठी पत्रा तासन्‌तास, काही संशोधकांच्या मते कित्येक दिवस, उन्हासमोर ठेवावा लागला.

आता या पत्र्याची पुढची हकीकत प्रस्तावकर्त्यांनी लक्षपूर्वक ऐकावी. न्येप्स १८२७ मध्ये इंग्लंडला गेला, तेथे त्याचे काम कोणी मनावर घेतले नाही, आणि परतताना तो पत्रा त्याने फ्रान्सिस बाउअर या वनस्पति-चित्रकारास दिला. बाउअरने एक छोटेसे काम केले. पत्र्याच्या पाठीमागे त्याने लिहून ठेवले, की निसर्गातील प्रतिमा कायम ठेवण्याचा हा न्येप्स यांचा पहिला यशस्वी प्रयोग आहे. न्येप्स १८३३ मध्ये वारला. त्याचा भागीदार दागेर याने वेगळी, अधिक जलद रीत काढली. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तिची घोषणा झाली आणि १९ ऑगस्टला तिची कृती जगजाहीर करण्यात आली. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला सहा हजार आणि न्येप्सच्या मुलाला चार हजार फ्रँकचे निवृत्तिवेतन दिले. नाव मात्र एकट्या दागेरचे राहिले. पद्धतीलाच ‘दागेरोटाइप’ म्हणू लागले. न्येप्सचा पत्रा पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसेनासा झाला. १९५२ मध्ये हेल्मुट गर्नशाइम या छायाचित्रणाच्या इतिहासकाराने चिकाटीने शोध घेतला, तेव्हा तो इंग्लंडमध्ये एका घराण्याच्या ठेवणीतल्या ट्रंकेत सापडला. तो न्येप्सचाच, हे ओळखण्यास पाठीमागचा मजकूर उपयोगी पडला. आज तो पत्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जपून ठेवलेला आहे.

पुस्तकांतून आपण त्या छायाचित्राची जी प्रत पाहतो, ती मुळाबरहुकूम नाही. पत्रा समोर धरला तर त्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. विशिष्ट कोनात धरावा तेव्हा छपरे आणि भिंती उमटतात. १९५२ मध्ये त्याची प्रत तयार केली गेली, ती गर्नशाइमला पसंत पडली नाही, आणि त्याने जलरंगाने तिच्यावर हात फिरविला. जगभर छापली गेली ती मुख्यतः ही सुधारलेली प्रत. जगातील पहिल्या छायाचित्राची ही कथा आहे. मूळ वस्तू, पाठीवरची ओळ आणि जपणारी एक ट्रंक, या तिन्ही होत्या म्हणून सत्य कळले. मूळ निकालात काढले असते, तर जलरंगाने सजविलेली प्रत हेच सत्य ठरले असते.

मूळ वस्तू काय सांगते, हेही पाहू. दागेरोटाइप म्हणजे रुप्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. आरशासारखा चकचकीत आणि एकुलता एक, कारण त्यावरून प्रती निघत नाहीत. इंग्लंडच्या टॅलबटने १८४१ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत कागदाच्या निगेटिव्हची. १८५१ मध्ये आर्चरने काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरण्याची रीत प्रसिद्ध केली; ती काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात काच वाळण्यास किती वेळ लागतो ते आपण जाणतोच. म्हणून छायाचित्रकाराला काळा तंबू, औषधांच्या बाटल्या आणि हमाल सोबत बाळगावे लागत. त्या काचेवरून प्रत छापली जाई ती बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर. आपल्या सोवळ्यातील पणजोबांची तसबीर अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेली असण्याचा बराच संभव आहे, हे त्यांना कळले नाही हे बरेच झाले! पुढे १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि ऐंशीच्या दशकात ती बाजारात रुळली.

हा तपशील कोरडा वाटेल, पण एखाद्या फोटोचा काळ ठरविण्याचे हे सगळे पुरावे आहेत. कागदाची जात, पुठ्ठ्याची जाडी, कडेवरचा ठसा, पाठीवरचा स्टुडिओचा पत्ता, निगेटिव्हचा क्रमांक यांवरून जाणकार मनुष्य काळाचा अदमास बांधतो. संगणकीय प्रतीत यांतले काय उरते? चेहरा उरतो आणि पुरावा जातो.

एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र गेली काही वर्षे सर्वत्र फिरते आहे. हॉफमन नावाच्या कोणा जर्मनाने ते १८५० साली काढले, असे सांगितले जाते. आता १८५० म्हणजे आर्चरच्या पद्धतीच्याही आधीचे वर्ष. ते खरे असेल तर मूळ वस्तू बहुधा धातूच्या पत्र्यावर तरी असावी किंवा कागदाच्या निगेटिव्हवरून छापलेली तरी. म्हणून पहिला प्रश्न हाच, की मूळ कोठे आहे आणि ते कशावर आहे? प्रतींवरून प्रती निघत राहतात आणि हा प्रश्न कोणी विचारीत नाही. राणीसाहेबांच्या तसबिरीपुढे आमचेही मस्तक लवते. पण भक्ती म्हणजे पुरावा नव्हे.

आता दुसरा आक्षेप. सभेत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फोटोचे एवढे काय? ती साहेबांची आणि नबाबांची हौस. आपला इतिहास कागदपत्रांत आहे." या वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी, की ही विद्या आपल्या लोकांनी फार लवकर हाती घेतली. पॅरिसची कृती १८३९च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि १८४०च्या आरंभी कलकत्त्यात कॅमेऱ्याच्या जाहिराती झळकल्या. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत या कलेचा व्यवसाय मांडला. पुढे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे छायाचित्रकारच होते आणि त्यांनी १८९९ मध्ये मुंबईतील एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले. दादासाहेब फाळकेही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते.

आपल्या दख्खनचे पाहा. मद्रास तोफखान्यातील कॅप्टन ॲलन स्कॉट याने हैदराबाद व सिकंदराबाद येथे टिपलेली शंभर छायाचित्रे १८६२ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी निजामाच्या मुलखात असलेल्या अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४० नंतरच्या दशकात येऊन राहिला. त्याने रंगविलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. वर्षानुवर्षांचे श्रम एका आगीत गेले. पण गिलने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याच्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ मध्येच छापली गेली होती, ती राहिली.

आणि लाला दीनदयाळ? मीरतजवळच्या सरधन्याचा हा गृहस्थ रुडकीस शिकला, १८६६ मध्ये होळकरांच्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागला आणि नोकरी सांभाळून १८७४च्या सुमारास कॅमेरा शिकला. आमच्यासारख्या सरकारी नोकराला या गोष्टीचा अभिमान वाटतो. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याला दरबारी छायाचित्रकार केले आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १८९२ मध्ये त्याने हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तेथे काम एक इंग्रज बाई पाही. दीनदयाळ १९०५ मध्ये वारला. त्याच्या पेढीच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या टिकल्या, कारण घरच्या माणसांनी दोन-तीन पिढ्या त्या फेकल्या नाहीत.

दुसरी चूक ‘कागदपत्रां’बद्दलची. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यापूर्वी जुनी दफ्तरे म्हणजे माळ्यावरची अडगळच समजली जात होती. वाळवी, पाऊस आणि पुड्या बांधणारा वाणी हे त्या दफ्तरांचे तीन वारस होते. राजवाड्यांनी दारोदार फिरून सांगितले, की बाबांनो, ही साधने आहेत. तेव्हाही लोक हसलेच. आज आपण राजवाड्यांची जयंती करतो आणि राजवाड्यांवर हसणाऱ्यांप्रमाणे वागतो. निजामाच्या दौलतीचे दफ्तर-ए-दिवाणी पिढ्यान्‌पिढ्या ज्या राय रायान घराण्याने सांभाळले ते घराणे मराठी होते. दफ्तर सांभाळणे हे या शहरात आपले जुने वतन आहे. ते असे सोडून द्यावे काय?

येथे आम्ही स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. नाहीतर हा उपदेश केवळ परोपदेश ठरेल.

आमच्या आजोबांच्या धाकट्या बंधूंना कॅमेऱ्याचा नाद होता. काचीगुड्याच्या आमच्या वाड्यात माळ्यावर एक लाकडी खोके होते आणि त्यात काचेच्या चाळीसएक निगेटिव्ह होत्या. १९७३च्या उन्हाळ्यात घराची डागडुजी निघाली. खिडक्यांच्या काही काचा फुटलेल्या होत्या. वडिलांनी आम्हांस सांगितले, की त्या खोक्यातल्या काचा गरम पाण्यात सोडा घालून धुऊन काढ. आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे होतो. काळा पापुद्रा बोटाने सरकताना मोठी गंमत वाटली. एका दुपारी चाळीस काचा स्वच्छ झाल्या. त्यांतल्या सहा खिडकीला लागल्या आणि बाकीच्या तशाच पडून राहून फुटल्या. एक काच आम्ही धुण्याआधी उजेडासमोर धरली होती. अंगणात बसलेल्या दहा-बारा बायका, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेल्या. आई म्हणाली, "ते आपल्याकडचे हळदीकुंकू. मधली तुझी पणजी." आम्ही पाहिले आणि काच पाण्यात सोडली.

आमच्या पणजीचा दुसरा फोटो कोठेही नाही. तिचे माहेर कोणते, हे सांगणारेही आता कोणी नाही. वडिलांना दोष देत नाही; त्या काळी कोणालाच कळत नव्हते. आज मात्र आपल्याला कळते, आणि म्हणून आज तेच करणे हा अजाणतेपणा ठरणार नाही.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोटोंतून नावे जातात ती आधी स्त्रियांची. संस्थेच्या समूहचित्राखाली पुरुषांची नावे छापलेली असतात. घरगुती फोटोत ‘डावीकडून तिसऱ्या’ कोण, हे फक्त एखाद्या आत्याला नाहीतर मावशीला ठाऊक असते, आणि ती गेली की त्या रांगेतील सगळ्या जणी एकदम अनोळखी होतात.

आता व्यवहाराचे आक्षेप घेऊ. पहिला, जागा नाही. त्रेपन्न फोटो चौकटींतून काढून लिफाफ्यांत घातले तर एका कपाटाचा एक कप्पा लागतो. आपल्या संस्थांत मानचिन्हांना आणि शालींना यापेक्षा अधिक जागा मिळते. दुसरा, संगणकीय प्रत अधिक टिकाऊ असते. आमच्या मुलीच्या लग्नाची चित्रफीत ज्या कॅसेटवर आहे, ती चालविणारे यंत्र आज घरात नाही. १९७० आणि ८०च्या दशकांतील रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत; त्याच्या आधीच्या पिढीचे काळे-पांढरे फोटो मात्र डोळे भरून पाहता येतात. आम्ही संगणकीय प्रतींच्या विरोधात नाही. प्रती जरूर कराव्यात, दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. प्रत ही मुळाची राखणदार आहे, वारस नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून मोहाची. हल्ली भ्रमणध्वनीवर जुना फोटो घातला की क्षणात तो रंगीत होतो, सुरकुत्या जातात, डोळेही चमकतात. परवा एका स्नेह्यांनी आपल्या आजोबांचा असा फोटो मोठ्या प्रेमाने दाखविला. पगडी गुलाबी झाली होती आणि गालावरचे देवीचे व्रण नाहीसे झाले होते. त्यांचे आजोबा लहानपणी देवीच्या साथीतून वाचले होते, ही घरातली मोठी कथा; आणि यंत्राने नेमका तोच पुरावा पुसला. गर्नशाइमने जलरंगाने केले तेच हे. पण गर्नशाइमने निदान मूळ पत्रा सांभाळून ठेवला होता.

चौतीस वर्षे आम्ही सरकारी कागद सांभाळले. काही कागद कायम ठेवावयाचे आणि काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे, हा नियम आम्हांला ठाऊक आहे. सगळेच ठेवा असा आमचा हट्ट नाही. परंतु कोणताही कागद नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी होते आणि यादीखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही होते. एवढा नियम रद्दी कागदाला आहे. आपल्या वाडवडिलांच्या मुखास तेवढाही नसावा?

म्हणून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक घराने फोटोंची एक नोंदवही करावी : क्रमांक, कोणाकडून आला, पाठीमागे काय लिहिले आहे, कोणी कोणास ओळखले. फोटोच्या पाठीवर नाव लिहावयाचे ते मऊ पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूस उमटते. प्लॅस्टिकचे आवरण चढवून फोटो कायमचा बंद करू नये, चिकट पानांच्या अल्बमात तो घालू नये, आणि चौकटीत लावताना काच थेट फोटोस टेकू देऊ नये. गंधाचे बोट काचेला लावावे, फोटोस नव्हे. काचेच्या निगेटिव्ह असतील तर कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात आणि कृपा करून धुऊ नयेत. घर पाडून इमारत उभी राहणार असेल तर माळा उतरविण्याच्या दिवशी घरातील कोणीतरी हजर असावे. कंत्राटदाराच्या माणसांवर तो सोपवू नये. जुमेरात बाजारात अनोळखी माणसांचे अल्बम पसरलेले असतात. एकदा उभ्या उभ्या चाळता चाळता आम्हांला त्यांतल्या एका फोटोच्या पाठीवर मोडीत लिहिलेले नाव दिसले. ते अल्बम कोणाच्या तरी घरचे आहेत.

त्या संस्थेच्या सभेत प्रस्तावावर मतदान झाले नाही; निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. तोवर त्या एकवीस अनोळखी तसबिरी कार्यालयात टेबलावर मांडून ठेवण्यास अध्यक्षांनी संमती दिली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या आजी, आत्या किंवा काका असतील, त्यांनी त्यांना एकदा हाताला धरून तेथे घेऊन यावे. सोबत एक पेन्सिल आणावी. त्यांनी एक नाव सांगितले तरी ते तेथल्या तेथे पाठीवर लिहून, खाली आपली सही व तारीख घालावी. बाउअरने याहून अधिक काही केले नव्हते.